कुरडू आणि हरळी

सोलापुरात मी बागा लावून द्यायचो. अर्थात लोकांच्या. माझ्या स्वतःच्या भाड्याच्या दोन खोल्यांना खिडकी एकच, आणि तिच्यात बायकोनं लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या. "लोकांच्या घरी गुलाब आणि आपल्या घरी शेणखताचा वास," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. सायकलवरून आणलेलं खताचं पोतं ठेवायला मला तेव्हा दुसरी जागा नव्हती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. नकाशा काढून बाग करणारा माणूस म्हणजे नक्की कोण, हे समजावून सांगण्यातच माझी निम्मी ताकद जायची. मी पुण्याला शेतकीचं शिक्षण घेतलं होतं, कागदावर वाफे आखता यायचे, कुठल्या महिन्यात काय फुलतं ते तोंडपाठ होतं. पण बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून हे सांगायला लागलं की आतून प्रश्न यायचा, "म्हणजे माळीच ना?" हो म्हटलं तर मागच्या दारानं आत घेत, नाही म्हटलं तर दारातच उभं ठेवत. मी कधी हो म्हणायचो, कधी नाही. त्या दिवशी अंगात किती त्राण उरलंय, त्यावर ते ठरायचं.

माझं एक तत्त्व होतं आणि ते मी प्रत्येक नव्या घरी ऐकवायचो. बाग म्हणजे घराची बाहेरची खोली. दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला खिडकीतून दर हंगामात वेगळं काहीतरी दिसलं पाहिजे. त्यासाठी मी एक तक्ता केला होता. पावसाळ्यात तेरडा, झिनिया, कॉसमॉस. भाद्रपद सरला की ते सगळं उपटायचं, वाफे खणून खत घालायचं आणि शेवंती, डेलिया, पिटुनिया लावायचे, म्हणजे थंडीभर डोळ्यांना सुख. उन्हाळ्यात गलांडा आणि ऑफिस टाइम. हे शेवटचं फूल सकाळी दहाला उमलतं आणि सोलापूरच्या उन्हात कारकुनाच्या इमानानं बसून राहतं, म्हणून ते माझं फार आवडतं. बाहेर जे फुलेल तेच आतल्या फुलदाणीत, आणि फुलदाणी कुठे ठेवायची तेही मीच सांगणार. लोकांना हा आगाऊपणा वाटायचा. मला तो व्यवसाय वाटायचा.

माझं पहिलं मोठं काम एका चादर-टॉवेलच्या कारखानदाराचं. घराणं तेलुगू विणकरांचं. वडलांनी हातमागावर जन्म काढला, मुलानं यंत्रमाग टाकले आणि भवानी पेठेतल्या बोळातलं घर सोडून गावाबाहेर नवा बंगला बांधला. मालक माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांच्याच कारखान्यातली एक झकास चादर दिवाणखान्याच्या भिंतीवर लावू या, असं मी सुचवलं तर ते हसत सुटले. "चादर अंगावर घ्यायची असते हो. भिंतीला कुठली थंडी वाजते?" भिंतीवर शेवटी बर्फाच्या डोंगराचं एक चित्र लागलं. बागेत मात्र त्यांनी मला मोकळीक दिली, फक्त एका अटीवर. समोर हिरवंगार लॉन पाहिजे. बंगलोरला कुणाकडे तरी त्यांनी ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात घेतलं होतं.

त्या लॉननं माझा पिट्टा पाडला. पहिल्यांदा मालकांच्या हौसेखातर बंगलोरचं रुंद पानांचं नाजूक गवत आणलं. दुष्काळ संपून फार दिवस झाले नव्हते, विहिरीनं चैत्रातच तळ दाखवला, आणि वैशाखात त्या गवताचं वाळकं भुस्कट झालं. दुसऱ्या वर्षी तेच गवत पुन्हा लावलं, तर कुंपणाची एक बाजू बांधायची राहिली होती तिथून मेंढरं आत शिरली. मेंढपाळ हात जोडून उभा राहिला. "सायब, मुकं जनावर हाय. त्येला काय कळतंय बंगल्यातलं," म्हणाला. त्याला तरी काय बोलणार? तिसऱ्या खेपेला मी नखरे सोडले आणि सरळ हरळी लावली. पावसाळा उतरताना एकेक कांडी हातानं टोचली, रोज दोन वेळा पाणी दिलं, चारी बाजूंनी खुंट्या मारून सुतळी ओढली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पावलापावलावर शहाबादी फरशी बसवली, एका वेळी एकच माणूस चालेल अशी. एवढं होईपर्यंत मी इतका थकलो होतो की काम सोडून द्यावं असं रोज वाटायचं, पण हिरवे कोंब दिसले की दुपारपर्यंत तग धरवायचा.

मालकीणबाई तिशी-बत्तिशीच्या होत्या. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला अण्णा. त्या बोळात जन्मल्या, बोळातच दिल्या गेल्या. चोवीस तास मागांचा खडखडाट ऐकत वाढलेली बाई. बंगल्यात येऊन दोन वर्षं झाली तरी त्या घरात पाहुणीसारख्या वावरायच्या. "हितं लई शांत हाय अण्णा," असं एकदा म्हणाल्या. "कान दुखतेत."

मी वाफ्यांची मापं घेत होतो तेव्हा एका दुपारी त्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या आणि आपण होऊन सांगायला लागल्या. नवरात्रात त्यांच्या समाजात बतकम्मा असते. पितळी ताटात भोपळ्याचं पान घालायचं, त्यावर फुलांचे थरावर थर रचत देवळाच्या कळसासारखी उतरंड करायची, वर हळदीची गौर बसवायची. मग ती मध्ये ठेवून बायकांनी गोल फेर धरायचा, टाळ्या देत गायचं, आणि शेवटी पाण्यात सोडायची. नऊ दिवस हे चालतं, पण अष्टमीची बतकम्मा सगळ्यांत मोठी.

"गेल्या साली मी बोळात गेले व्हते खेळायला," त्या म्हणाल्या. "माझ्याबरुबरच्या बायका, पण मी आल्यावर सगळ्या गप. मग येकीनं आतनं खुर्ची आनली. बसा म्हनल्या मला. बसा. लहानपनापास्नं अगं-तुगं करनाऱ्या."

मी मापाची दोरी गुंडाळत राहिलो.

"म्हनून यंदा अष्टमीला सगळ्यांना हितं बोलावलंय. जागा हाय, हीर हाय. पैलं न्हाय म्हनत व्हत्या. लई इनवन्या केल्या, तवा येतो म्हनल्या. येकदा हितं येऊन खेळल्या की मग हे माझं घर. न्हाय आल्या तर मी बंगलेवालीच ऱ्हायले की जन्मभर."

मी म्हणालो, "फुलांची काळजी सोडा वहिनी. झेंडू लागेल तेवढा देतो." त्या हसल्या. "झेंडू तर पायजेच की. बाकीची हाईत माझी." बाकीची म्हणजे कुठली, हे मी विचारलं नाही. फुलांतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

नवरात्राची तिसरी माळ होती. तक्त्याप्रमाणे मला आधीच तीन दिवस उशीर झाला होता आणि त्यामुळे मी सकाळपासून चिडचिडत होतो. हाताखाली मोडनिंबकडचा एक म्हातारा गडी होता. पुढचे वाफे रिकामे करून आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथे संपूर्ण भिंतीकडेनं कुरडू माजलं होतं. कंबरभर उंच, टोकाला गुलाबी-पांढरे तुरे.

म्हातारा खुरपं हातात धरून थांबला. "सायब, ह्ये कुनीतरी ठेवल्यावानी दिसतंय. बुडाला पानी घातलंया."

"कुरडूला कोण पाणी घालतंय? काढा सगळं. अंगण सगळं खणून घ्या आणि खत पसरा."

त्यानं काढलं. दुपारपर्यंत भिंत मोकळी झाली, ढीग उन्हात पडला आणि अंगणभर खणलेल्या मातीत ओलं शेणखत पसरलं गेलं. मी समाधानानं हातपाय धुतले.

वहिनी चार वाजता मागच्या दारात आल्या आणि ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली उतरून त्यांनी एक तुरा उचलला. तो कधीच मान टाकून बसला होता.

"अण्णा, हे गुनुगु व्हतं," त्या म्हणाल्या. "बतकम्मा ह्याचीच आसती. बोळातनं बी आनून मी श्रावनात टाकलं व्हतं."

मी शेतकऱ्याचा मुलगा. वळसंगला आमच्या रानात कुरडू म्हणजे कोवळं असेल तर भाजी, नाहीतर खुरपून बांधावर फेकायची वस्तू. कुणी ते मुद्दाम पेरेल, त्याला घागरीनं पाणी घालेल, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. मी तसं सांगू लागलो, पण माझं मलाच ते ऐकवेना.

"इचारायचं तरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. ओरडल्या असत्या, मालकांना बोलावलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जा, भरून द्या तिचं."

सप्तमीच्या सकाळी एसटी धरून मी वळसंगला गेलो. आमच्या तुरीत कुरडू उभं होतं, पाहिजे तेवढं. मी धोतराचा काचा मारून कापायला वाकलो तर भावजय भाकरी घेऊन आली आणि बघतच राहिली. "शिकून लई शानं झालासा की भावजी," ती म्हणाली. "पुन्याला जाऊन तन कापायला शिकलासा व्हय? सगळं रान न्या की मग, आमचं खुरपान वाचंल." मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन. दोन पोती कुरडू, वाटेत रस्त्याकडेला पिवळा धमक तरवड मिळाला तो एक पोतं, आणि ही सगळी वरात एसटीच्या टपावर. कंडक्टरनं विचारलं, बकऱ्यांना का? मी हो म्हणालो. खुलासा करायची इच्छा नव्हती.

पोती मी मागच्या दारात उतरवली. वहिनींनी एक मूठ काढली, देठ निरखले आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग तिथेच पायरीवर बसून कामाला लागल्या. कारखान्यातून सूत रंगवायचा उरलेला रंग आणला होता. तुऱ्यांच्या जुड्या बांधून त्या बुडवत होत्या, एक जांभळ्या रंगात, एक हिरव्या. अष्टमीला दुपारी ताटात उतरंड तयार झाली तेव्हा ती चांगली हातभर उंच होती. तरवडाचा पिवळा थर, कुरडूचा जांभळा, माझ्या झेंडूचा केशरी, पुन्हा कुरडू. इतकी वर्षं मी रंगसंगतीच्या गप्पा मारत आलो होतो, पण असलं काही मला जमलं नसतं. माझी चूक भरून निघाली असं वाटून मला हायसं झालं.

ऊन उतरल्यावर बायका आल्या. वीस-पंचवीस असतील. हातात ताटं, ताटांत छोट्या बतकम्मा, ठेवणीतल्या साड्या. फाटकातून त्या शहाबादी फरश्यांवरून एकामागे एक अशा आत आल्या आणि व्हरांड्यापाशी येऊन दाटीनं थांबल्या. वहिनी आपलं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. आणि मग सगळ्याच बायका फेर धरायला जागा शोधू लागल्या.

जागा नव्हती. मागचं अंगण मी खणून घोटाभर चिखल करून ठेवलेलं. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला गुलाबांची आळी. फरशीच्या वाटेवर दोन बायका शेजारी उभ्या राहू शकत नव्हत्या. पंचवीस बायका गोल फिरतील अशी एकच मोकळी जागा होती आणि तिच्याभोवती सुतळी होती.

मालक व्हरांड्यातच होते. माणूस वाईट नव्हता. बायकोकडे पाहिलं, लॉनकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोनदा गेलंय हे. यांना विचारा. हे हो म्हणाले तर माझी काही हरकत नाही."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. वहिनी दोन पायऱ्या उतरून माझ्यासमोर आल्या. ताट दोन्ही हातांत होतं.

"घटकाभर अण्णा. चपला काढून. मरंल का हो गवत?"

मी म्हणालो, "अजून मूळ धरलेलं नाही वहिनी. पंधरा दिवस तरी पाय नको."

आता खरं सांगतो. हरळी पायानं मरत नाही. नांगरानं मरत नाही. उपसून, वाळवून, जाळून टाकली तरी पुढच्या पावसात बांधावर हजर असते. तिच्यापायी शेतकरी रडकुंडीला येतो, हे वळसंगच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पंचवीस बायका त्यावर रात्रभर नाचल्या असत्या तर दोन-चार कोंब चेंगरले असते आणि आठवड्यात दुप्पट आले असते. मग मी असं का म्हणालो? दमलो होतो, हे एक. दोन वर्षं राबून उभी केलेली गोष्ट काही दिवस तरी कुणी हात न लावता तशीच राहावी, असं वाटलं, हे दुसरं. आणि एवढ्या लोकांसमोर शेवटचा शब्द माझ्यावर सोपवला गेला होता, तो मला वापरून बघायचा होता. हे तिसरं कारण सांगायला लाज वाटते, पण तेच सगळ्यांत खरं असावं.

कुणी वाद घातला नाही. मूळ न धरलेल्या गवतावर कोण पाय देईल? त्यांच्यातली एक वयस्क बाई तेलुगूत काहीतरी बोलली, दोघी-तिघींनी माना हलवल्या. मग ती मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गवत कशाला खराब करायचं. आमचा बोळ हाय की." आवाजात राग नव्हता. बायका आल्या तशाच एकामागे एक फरश्यांवरून परत निघाल्या. मोठ्या काळजीनं चालत होत्या, एकीचाही पाय सुतळीच्या आत पडला नाही. वहिनी ताट घेऊन फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेल्या. तिथे काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. बायका कोपऱ्यावरून वळल्या. मग वहिनी परत आल्या, विहिरीच्या काठावर गेल्या आणि एकटीनंच ते ताट पाण्यात सोडून दिलं.

मालकांनी मला चहा दिला. "तुम्ही ठाम राहिलात म्हणून लॉन वाचलं," म्हणाले. पुढे त्यांनी आणखी दोन बंगल्यांत माझं नाव सांगितलं. त्या साली थंडीत ती बाग अशी फुलली की जाणारे-येणारे फाटकाशी थांबून बघायचे. मला तिकडे बघवत नसे. काम म्हणून जायचो, पाणी किती-कसं ते सांगायचो आणि निघायचो.

पुढल्या वर्षी श्रावणात मी वळसंगहून कुरडूचं बी आणून मागच्या भिंतीकडेनं स्वतः पेरलं. तक्ता बाजूला ठेवून मागचं अंगण खणायचं रद्द केलं. नवरात्राच्या आधी ते कुरडू चांगलं कंबरभर झालं, तेव्हा मी दिवाणखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, "वहिनी, यंदा खुशाल लॉनवर खेळा. कितीही बायका येऊ देत. मागं गुनुगुही आलंय."

त्या सोफ्यावर बसून कापडाचे नमुने चाळत होत्या. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"त्या आता येत न्हाईत अण्णा," त्या म्हणाल्या. "आन मी बी जात न्हाई." मग हातातला नमुना खिडकीला लावून त्यांनी विचारलं, "पुढच्या वाफ्यात यंदा कंच्या रंगाची शेवंती लावताय? तसे पडदे घ्यावं म्हनते."

मी पिवळी म्हणालो.